लेस्टरला सूर्य उशिरा मावळतो



मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं पाच दिवसांसाठी इंग्लंडला जाऊन आलो. ह्यांचं लंडनला दोन दिवसांचं काम होतं आणि लेस्टरला माझी सांगलीच्या शाळेतली मैत्रीण राहते. गेली अठरा वर्षं ती दर दिवाळीला फोनवर “या ना एकदा” म्हणते. थोरलीची बारावी झाली. जुलैत ती पुण्याला वसतिगृहात जाणार. म्हणजे चौघांनी मिळून जायची सुट्टी पुन्हा कधी मिळेल कोण जाणे, म्हणून यंदा तिकिटं काढलीच.

लंडनला सेंट पँक्रास स्टेशनवर गाडीत बसलो की तासा-सव्वातासात लेस्टर येतं. गाव मोठं असलं तरी लंडनसारखी धावपळ नाही. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं, गुजराती पाट्या. धाकट्याने विचारलं, “आई, आपण परत आलो का?” मैत्रिणीने त्याला १९७२ ची गोष्ट सांगितली. युगांडात इदी अमीनने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं. लेस्टरच्या नगरपालिकेने तर तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका. तरी हजारो माणसं आली, पै-पै जोडून उभी राहिली, आणि आज त्यांच्या दिवाळीला सगळं शहर लोटतं.

दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन सेंटरमध्ये दर्शनाला गेलो. ही इमारत मुळात एकोणिसाव्या शतकातलं चर्च. आता समोरची बाजू पांढऱ्या संगमरवराची, आत भारतात घडवलेले कोरीव खांब आणि रंगीत काचांच्या खिडक्यांत भगवान महावीरांचं चरित्र. १९८८ साली हे मंदिर झालं. मला सगळ्यात भावलं ते हे, की दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांना मानणारे, सगळ्यांची जागा एकाच छताखाली आहे. आपल्याकडे एका गल्लीत दोन मंदिरं असली तरी आपण आपल्याच मंदिराची पायरी चढतो. परदेशात माणसं मोजकी, म्हणून एकमेकांना धरून राहतात.

मुलांना राजा तिसऱ्या रिचर्डची गोष्ट फार आवडली. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला हा राजा २०१२ मध्ये चक्क एका गाड्यांच्या तळाखाली सापडला. २०१५ मध्ये त्याला तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. जिथे सापडला ती जागा काचेतून बघता येते. एवढा मोठा राजा, आणि शेवटी वर गाड्या उभ्या! अनित्य भावना समजावून सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते तिच्या स्वयंपाकघराविषयी.

मे अखेरीस तिथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. मुलं खूश झाली, आता नऊपर्यंत खाता येईल म्हणून. पण मैत्रिणीने साडेसहाला पानं वाढली. मुगाची आमटी, दुधीची भाजी, पोळ्या, भात. बाहेर दुपारसारखं ऊन. थोरलीने विचारलंच, “मावशी, इतका उजेड आहे, मग इतक्या लवकर का?”

ती म्हणाली, “अगं, इथला उन्हाळा फार लाड करतो. त्या लाडाची सवय लागली तर डिसेंबरात मी काय करू?”

डिसेंबरात तिथे चारच्याही आधी सूर्यास्त होतो. आपल्या सांगलीत सूर्यास्ताची वेळ वर्षभरात जेमतेम सव्वा तास पुढे-मागे होते. तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तो तास धरून साडेपाच तासांहून जास्त फरक पडतो. आपण संध्याकाळी सहाला स्वयंपाक आवरतो, सगळ्या घरांत तीच वेळ, सासूबाई, जाऊबाई सगळ्या बरोबर. व्रत पाळतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. ती एका रुग्णालयात औषधविभागात काम करते, पाचला सुटते. हिवाळ्यात तीनच्या सुट्टीत दहा मिनिटांत डब्यातल्या दोन पोळ्या खाते, तेच तिचं संध्याकाळचं जेवण. खाद्य, स्वाद्य, लेह्य यांचा त्याग आणि पाण्याची मोकळीक, असा तिने स्वतःला झेपेल तेवढा नियम घेतला आहे.

तिची लेक चौदा वर्षांची. ती रात्री जेवते. तिचा प्रश्नही सरळ आहे: “रात्री दिव्यावर किडे येतात, ते अन्नात पडतात, म्हणून जेवायचं नाही ना? इथे थंडीत खिडक्या बंद असतात, किडे नसतात, मग हिंसा कुठली?”

मी मैत्रिणीला विचारलं, तू काय उत्तर दिलंस?

“तिचा प्रश्न खोटा नाही गं. मी म्हटलं, नियम जीवदयेसाठी आहे, आणि त्यातच माझा हात थांबवायलाही आहे. दिवसात एक वेळ अशी हवी, की समोर आहे, भूक आहे, तरी घेत नाही. तिला ते पटलं नाही. पटेल तेव्हा पटेल.”

हिवाळ्यात सात वाजता ती लेकीला आणि नवऱ्याला गरम वाढते आणि त्यांच्याबरोबर टेबलाशी बसते. पहिल्या वर्षी लेक रडकुंडीला आली, “तू नुसती बघत बसतेस, मला घास जात नाही.” तेव्हापासून ती मेथी निवडायला घेऊन बसते. तोंडाने शाळेच्या गप्पा, हाताने मेथी. “माझं ताट नसतं, एवढंच,” ती म्हणाली. म्हणाली हसतच, पण मग उठून कट्टा पुसायला लागली. स्वच्छच होता तो.

परतीच्या गाडीत थोरली बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिच्या वसतिगृहाची मेस संध्याकाळी साडेसातला उघडते. घरात त्यावरून महिनाभर कुरबुर चालली होती, सासूबाईंनी तर दोन दिवस अबोला धरला होता. मग हळूच म्हणाली, “आई, मी तिकडे रात्री जेवले तर तू रागावशील?”

मी म्हटलं, “वाईट वाटेल. रागावणार नाही. तू जेवायला बसलीस तर मी समोर मेथी निवडत बसेन.”

ती हसली. मग तिनेच ठरवलं: अष्टमी, चतुर्दशी आणि दशलक्षणाचे दहा दिवस नक्की, बाकीच्या दिवशी जमेल तसं. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या गप्प राहिल्या, पण दुसऱ्या दिवशी मुरमुऱ्याच्या चिवड्यासाठी डाळं निवडायला बसल्या. लेकीच्या डब्यासाठीच!

तुमच्यापैकी कुणाच्या मुली बाहेर शिकायला निघाल्या असतील तर मेसची वेळ आधी विचारा आणि दुपारचं जेवण डब्यात काढून ठेवता येतं का तेही. खाकरे, चिवडा, भाजलेल्या पिठाचे लाडू पाच वाजता पोटाला आधार देतात. परदेशी जात असाल तर पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. तिथे दूध, अंडं असे पदार्थ ठळक छापतात, पण कांदा-लसूण ठळक नसतो, शोधावा लागतो. गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन बघा. गुलाबी रंगासाठी ई १२० लिहिलं असेल तर तो किड्यांपासून काढलेला रंग आहे. आमच्या धाकट्याला हे इतकं पाठ झालंय, की आता सांगलीच्या दुकानातही तो आधी पाकीट उलटं करतो.

तुमच्या घरी मुलांच्या बाबतीत हे कसं जमवलंत, मला जरूर सांगा. जय जिनेंद्र.