सोळाची बेरीज आणि शेवटचे पान

संयुक्त अरब अमिरातीत पत्त्यांवर पैसा कमावण्याचा विचार करणाऱ्याला डावाच्या आधी कायदा समजून घ्यावा लागतो. परवानगीच्या चौकटीबाहेर जुगार खेळणे हा तेथील दंडविधानानुसार गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि अड्डा चालवणाऱ्यासाठी शिक्षा त्याहून बरीच कडक आहे. २०२३ मध्ये मात्र व्यावसायिक खेळांचे नियमन करणारे संघराज्य पातळीवरील प्राधिकरण स्थापन झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये रास अल खैमातील अल मरजान बेटावर उभ्या राहत असलेल्या विन रिसॉर्टच्या कॅसिनोला परवाना मिळाला, आणि २०२७ मध्ये तो उघडण्याचे नियोजन आहे. पोकर की ब्लॅकजॅक, हा प्रश्न आजवर पणजीजवळ मांडवीत नांगरलेल्या जहाजांपुरता वाटत होता. दुबई-शारजात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत तो आता तासाभराच्या रस्त्यावर आला आहे.

ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न नेता पाने वाटणाऱ्यापेक्षा जास्त आणायची असते; इथे प्रतिस्पर्धी माणूस नसून नियम असतो. पाने वाटणारा डीलर सोळापर्यंत पान घेतो आणि साधारणपणे सतरा झाले की थांबतो. त्याला स्वतःची इच्छा नसल्यामुळे प्रत्येक हाताचे बरोबर उत्तर हिशेबाने काढता येते, आणि ते चार अमेरिकी सैनिकांनी साध्या गणनयंत्रांवर काढून १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. या तक्त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात, म्हणजे हातातील बेरीज आणि डीलरचे उघडे पान यांवरून ठरणारी चाल. नियम चांगले असतील आणि तक्ता तंतोतंत पाळला, तर शंभर दिरहमच्या पणामागे कॅसिनोला सरासरी पन्नास फिल्स, म्हणजे अर्धा दिरहमच, मिळतात. कौशल्याची खरी कसोटी लागते ती दश्शी आणि छक्की, म्हणजे सोळा, हातात असताना डीलरची दश्शी उघडी पडते तेव्हा. पान घेतले काय किंवा थांबले काय, दोन्ही मार्गांनी सरासरीने निम्म्याहून थोडा अधिक पण जातो, आणि पान घेण्याची बाजू केवळ केसभर सरस ठरते.

हा तिढा सोडवण्याची रीत गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांच्या १९६२ च्या पुस्तकामुळे सर्वांना कळली. त्यातून पुढे रूढ झालेल्या सोप्या गणतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान उतरले की एक मिळवायचा, दश्शी, चित्रे आणि एक्के उतरले की एक वजा करायचा, आणि सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. बेरीज शून्याच्या वर गेली, म्हणजे शिल्लक पानांत मोठी पाने जास्त उरली, की सोळावर थांबणे योग्य ठरते आणि पण वाढवण्याचीही तीच वेळ असते. मात्र या कसबाची मिळकत फार बारीक आहे. एक टक्का सरशी साधणाऱ्याने तासाला सत्तर हात शंभर-शंभर दिरहमचे खेळले, तर त्याची अपेक्षित कमाई सत्तर दिरहम होते, आणि त्याच तासातला नेहमीचा चढउतार साडेनऊशे दिरहमच्या आसपास असतो. शिवाय पाने सतत पिसणारे यंत्र बसवले की गणतीला अर्थ उरत नाही, आणि गणती करणाऱ्याला अनेक ठिकाणी मेजावरून उठवले जाते. थॉर्प यांनी स्वतः १९६९ मध्ये गुंतवणूक निधी काढून आपले गणित शेअरबाजाराकडे वळवले, हे त्या धंद्याच्या मर्यादेबद्दल पुरेसे बोलके आहे.

पोकरमध्ये अशाच केसभराच्या फरकाचे उत्तर पानांत सापडत नाही. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि मेजावर एकूण पाच सामाईक पाने उघडतात. चार उघडली असताना एखाद्याकडे बदामची चार पाने जमली आणि पाचव्या बदामाने हात पुरा होणार असेल, तर न दिसलेल्या सेहेचाळीस पानांपैकी नऊ त्याच्या कामाची असतात, म्हणजे शक्यता एकोणीस-वीस टक्के. मेजावरच्या रकमेला पॉट म्हणतात. त्यात तीनशे दिरहम असताना समोरच्याने शंभर लावले, तर चारशे मिळवण्यासाठी शंभर घालायचे आहेत आणि त्याला वीस टक्के शक्यता हवी. तराजू जवळजवळ समतोल. त्यानंतर कॅसिनो आपली नाल, तेथील भाषेत रेक, कापून घेतो. पाचशेच्या पॉटमधून पाच टक्के गेले, तर हातात पावणेपाचशे येतात, गरज एकवीस टक्क्यांची होते आणि तोच डाव तोट्याचा ठरतो. तो पुन्हा फायद्यात यायचा, तर बदाम लागल्यावर समोरचा माणूस आणखी पैसे घालील की पाने टाकील, याचा अंदाज बरोबर यावा लागतो. तो दमला आहे का, आधीच्या हरण्याने चिडला आहे का, यांवर कमाई ठरते. म्हणून पोकरमध्ये ब्लॅकजॅकपेक्षा कितीतरी अधिक मिळवता येते, पण ते मिळते तेव्हा कॅसिनोचे काहीच जात नाही. एका माणसाचे जाते.

अमिरातीच्या संदर्भात हा भेद गंभीर होतो. बंद व्हिलांत पगारदारांनी मांडलेला पोकर बेकायदा आहे, इतकेच त्याच्याविरुद्ध बोलता येते असे नाही. तिथे उत्तम खेळणाऱ्याची कमाई म्हणजे शेजारच्या भिडूचे घरभाडे किंवा गावी पाठवायचे पैसे, आणि ज्याचा देशातला निवास नोकरीच्या व्हिसावर टांगलेला आहे, त्याला हरल्यानंतर सावरायला मुळातच कमी अवकाश असतो. अशा मेजावरच्या मिळकतीला व्यवसाय म्हणणे चूक आहे. भारतातही २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले, त्यामुळे घरबसल्या पोकरवर जगणाऱ्यांचा मार्गही संपला.

अल मरजानची मेजे उघडतील तेव्हा दोन गोष्टी आधी पाहण्याजोग्या असतील. पहिल्या दोनच पानांत एकवीस झाले, तर शंभर दिरहमवर दीडशे मिळतात की एकशेवीस, हे ब्लॅकजॅकच्या मेजावर छापलेले असते. असा हात सुमारे एकवीस डावांत एकदा येत असल्यामुळे त्या तीस दिरहमच्या फरकाने कॅसिनोची सरशी शेकडा सुमारे दीड दिरहमने वाढते, आणि गणती करणाऱ्याची सगळी मेहनत तिथेच संपते. पोकरच्या खोलीत नाल किती टक्के, आणि मोठ्या पॉटवर तिला कमाल मर्यादा आहे की नाही, हे विचारायचे. ती नसेल, तर तिथे सुट्टीवर आलेले हौशी पर्यटक कितीही बसले, तरी त्यांच्या पैशांतला मोठा वाटा मेजाच्या मालकाकडेच जाईल.