काथ गेला, बोली उरली

द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्याशी गाडी थांबते, तेव्हा प्रवाशाला आपण भर मराठी मुलखात आहोत याविषयी शंका नसते. महामार्ग सोडून डोंगरापायथ्याच्या एखाद्या कातकरवाडीत शिरले, की मात्र कानावर येणारी भाषा पुस्तकातली मराठी नसते. ती कातकरी.

जमातीचे नाव धंद्यावरून पडले. खैराच्या लाकडाचा गाभा तासायचा, तो पाण्यात उकळायचा, अर्क आटवून त्याचा काथ करायचा. हे करणारे ते काथोडी, कातकरी. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, खैरावर कुऱ्हाड चालवणे हा गुन्हा ठरू लागला. काथ मागे पडला. कोळसा, वीटभट्टी आणि परक्याच्या शेतावरची मजुरी आली. धंदा गेला, नाव राहिले.

ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कातकरीची नोंद आहे. १९३४ मध्ये वेलिंग यांनी या जमातीवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे अभ्यासकांच्या दप्तरात ही बोली शंभराहून अधिक वर्षे आहे. शाळेच्या दप्तरात ती फारशी आली नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी १९५६ मध्ये राज्यघटनेत ३५०-अ हा अनुच्छेद घालण्यात आला. पण कातकरी आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिला मराठीचीच बोली मानले की अल्पसंख्याक असण्याचा प्रश्नच उरत नाही. वाडीतले मूल पहिलीच्या वर्गात बसते आणि शिक्षकांचे अर्धे बोलणे त्याला उमगत नाही. ते गप्प राहते. त्या गप्प राहण्याला मंदपणा म्हटले जाते, हे सर्वांत अन्यायाचे. आठवडी बाजारात त्याची आई दुकानदाराशी मराठीतच व्यवहार करते, घरी परतल्यावर पुन्हा आपल्या भाषेत येते. तिला दोन भाषा येतात. दुकानदाराला तिची एकही येत नाही.

बोलीबरोबर काय जाते? रानातला कोणता कंद तसाच खावा, कोणता उकळून, धुऊन, कडूपणा घालवल्यावरच खावा; पहिल्या पावसात ओहोळात कोणता मासा चढतो, हे सारे त्या शब्दांत साठलेले असते. वाडीबाहेर ही बोली तोंडातून निघाली की माणूस ‘ओळखू येतो’, म्हणून तरुण ती गिळून टाकतात. अशी गिळलेली भाषा पुढच्या पिढीला कोण देणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आनंद रास्तच होता. त्या वर्षीची दिवाळी महिनाभरातच आली. दिवाळी सरली, की उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह भट्ट्यांवर निघतात. ती परततात पावसाच्या तोंडाशी, आणि तोवर शाळेचे वर्ष संपलेले असते.