दंड आमचे, नजर कुणाची?



एका प्रसंगापासून सुरुवात करतो. 'लातूर पॅटर्न'च्या नावानं नांदेड, परभणी, हिंगोलीची पोरं अकरावीलाच लातूर गाठतात, तसा मीही नांदेडहून गेलो. बारावीनंतर पदवीलाही तिथंच राहिलो आणि नवी खोली शोधत फिरत होतो. एका घरमालकानं आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्याची नजर चेहऱ्यावरून खाली घसरली ती थेट दंडांवर थांबली.

"जिमला जातोस का?"

मी अभिमानानं हो म्हणालो.

"मग नको बाबा. आपल्याला शिकणारी पोरं पायजेत. उद्या तुमची टोळकी येणार, भांडणं होणार."

त्याच घराच्या वरच्या मजल्यावर एक पोरगा भाड्यानं राहत होता. तो माझ्याच जिमला, माझ्याच वेळेला यायचा. त्याचे दंड माझ्यापेक्षा इंचभर मोठेच होते. त्याला हाच घरमालक कौतुकानं "आमचे पैलवान" म्हणायचा.

मला खोली मिळाली नाही. पण एक गोष्ट कळली, ती आजपर्यंत विसरलो नाही. शरीरसौष्ठव करणाऱ्यांबद्दल लोक बरंच काही बोलतात. यांचं डोकं गुडघ्यात असतं, हे सगळे इंजेक्शनवर फुगलेले असतात, हे गुंडगिरी करतात, हा कसला खेळ, हे तर नुसतं अंगप्रदर्शन. ही बोलणी सगळ्यांनाच खावी लागतात हे खरं. पण सगळ्यांना सारखी लागत नाहीत. आडनाव जसं असेल, तसा दंडाचा अर्थ लावला जातो. एकाचा दंड म्हणजे तालमीची परंपरा आणि दुसऱ्याचा दंड म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न!

आता आमच्या घरातल्या शरीरांबद्दल सांगतो. माझे अण्णा नांदेडच्या मोंढ्यात हमाल होते. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं आणि उतरायचं, दिवसभर. मानेच्या खाली त्यांना एक गाठ आली होती, घट्ट, दगडासारखी. लहानपणी मी तिच्यावर बोट ठेवून खेळायचो. अण्णांच्या पोटऱ्या आणि खांदे आज आठवले तर वाटतं, कुठल्याही स्पर्धेच्या मंचावर उभे राहिले असते. पण त्यांच्या शरीराला कुणी सौष्ठव म्हटलं नाही. ताकद त्यांची होती, तिचा हिशेब मात्र आडत्याच्या वहीत. त्यांच्या आधी माझ्या आज्यानं गावकी केली, मेलेली ढोरं ओढली, लाकडं फोडली, सांगावे घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळाला. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या शरीरांनी ओझी उचलली आणि एकही ओझं आमचं नव्हतं.

अकरावीत असताना लातूरच्या एका साध्या पत्र्याच्या जिममध्ये मी पहिल्यांदा बार उचलला. त्या दिवशी आमच्या घराण्यात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःसाठी वजन उचलत होतं. हे त्या वेळी कळलं नव्हतं. आज कळतं.

सुट्टीत नांदेडला आलो तर आमच्या नगरातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी चारचौघांत हटकलं. "बाबासाहेबांनी डोकं कमवायला सांगितलं, तुम्ही पोरं दंड कमवायलाव." सगळे हसले. मीही खाली मान घालून हसलो. त्या काकांबद्दल मला आजही आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांची भीतीही खोटी नाही, कारण डोकं सोडून नुसते दंड कमवणारी पोरं मीही पाहिली आहेत. पण डोकं आणि दंड ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकात भरलं की दुसऱ्यातून वजा होतं, हा हिशेब आपला नाही. काही जातींनी फक्त विचार करायचा आणि काही जातींनी फक्त राबायचं, असं सांगणाऱ्या व्यवस्थेचा तो हिशेब आहे. तोच आपण आपल्या पोरांना कशाला ऐकवायचा?

आपला इतिहास काय सांगतो? पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. जोतीराव फुले त्या तालमीत दांडपट्टा शिकले. ज्या माणसानं मुलींची शाळा काढली, त्याचं शरीर एका मांग वस्तादाच्या हाताखाली घडलं होतं. सैन्याचा इतिहास बघा. १८१८ ला कोरेगाव भीमाला महार सैनिक लढले. पुढं १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, कारण त्यांच्या लेखी ही 'लढाऊ जात' नव्हती. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. १९४१ ला पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली, त्यासाठी बाबासाहेबांनी पाठपुरावा केला होता. शरीर तेच होतं. बघणाऱ्याची गरज बदलली की ते लढाऊ व्हायचं आणि गरज संपली की नालायक. लातूरच्या त्या घरमालकानं नवीन काहीच केलं नव्हतं!

आता 'हा कसला खेळ' या प्रश्नाकडे येऊ. आपल्या भागात कुस्तीला मान आहे आणि तो असायलाच हवा. हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. कुस्तीत समोरच्याला चीत करायचं असतं, ते सगळ्यांना दिसतं. शरीरसौष्ठवात समोर कुणीच नसतं, म्हणून लोकांना ते आरशासमोरचं नखरे करणं वाटतं. प्रत्यक्षात मंचावर ठरलेल्या पोझ द्याव्या लागतात. समोरून दोन्ही दंड, बाजूनं छाती, पाठमोरा, पोट आणि मांड्या. प्रत्येक पोझमध्ये डोक्यापासून पायापर्यंतचा एकूण एक स्नायू ताणून धरायचा आणि चेहरा हसरा ठेवायचा. दोन मिनिटांत घामानं निथळायला होतं. परीक्षक नुसता आकार बघत नाहीत, प्रमाण बघतात, दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघतात, पायांकडं दुर्लक्ष केलंय का बघतात. त्यामागं कित्येक महिन्यांचं मोजून खाणं, वेळेवर झोपणं आणि व्यसनापासून लांब राहणं असतं. ज्याला शिस्त नाही तो इथं टिकत नाही.

मी एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ६० किलो गटात उतरलो. चौथा आलो. पण मला आठवतं ते स्पर्धेआधीचं. दिव्यांच्या उजेडात स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून सगळे स्पर्धक अंगाला गडद रंग फासतात. माझ्या शेजारी गोरीपान पोरं उभी होती आणि मित्रांकडून अंगभर काळपट रंग चोळून घेत होती. ज्या रंगावरून आम्हाला वर्गात चिडवलं, ज्या रंगामुळे माझ्या बहिणीचं स्थळ परत गेलं, तो रंग ती पोरं डबीतून विकत घेत होती! माझ्या वाट्याची डबी अर्धीही संपली नाही. त्या दिवशी मी पोटभर हसलो आणि पहिल्यांदा आपल्या कातडीकडं नीट बघितलं.

खाण्याचं राजकारण मला जिमनंच शिकवलं. नियमित वजन उचलणाऱ्या ६० किलोच्या पोराला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम प्रथिनं लागतात. जिमच्या भिंतीवर त्यासाठी परदेशी पावडरीच्या डब्यांचे फोटो. एक डबा म्हणजे अण्णांची पंधरा दिवसांची हमाली. आमच्या माणसांचं ताट काय होतं, ते शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मांडलं आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांनी गावानं टाकलेल्यातून, उन्हात वाळवलेल्या चान्यांतून जगण्यापुरती प्रथिनं मिळवली. त्यासाठी त्यांना अपवित्र ठरवलं गेलं. २०१५ ला राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या परवडीतलं मांस ताटातून गेलं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस अंडं आलं, तर २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी काढून घेतला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. पोरांच्या ताटातून ती काढायची आणि मग ही पोरं कुपोषित का म्हणून परिसंवाद घ्यायचे!

तरी मार्ग आहे, आणि तो आपल्याच मातीत आहे. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, तूरडाळीच्या गिरण्या आहेत. शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम डाळीत बावीसच्या आसपास, वर चार अंडी. झाले की जवळपास शंभर. माझं शरीर याच्यावर बनलं आहे. शिवाय मूठभर शेंगदाणे आणि मायच्या हातची ज्वारीची भाकर.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगतो. लोक म्हणतात सगळे इंजेक्शनवर असतात. सगळे नसतात. पण खूप असतात, आणि हे आपण झाकलं तर आपल्याच पोरांचा जीव जाईल. त्या स्पर्धेच्या आधी मीही दोनदा इंजेक्शन घेतलं. जिममधल्या एकानं दिलं, म्हणाला, "याच्यानं पंप मस्त येतो." ते मेफेंटरमाइन होतं. शस्त्रक्रियेत रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात. दुसऱ्यांदा घेतलं त्या रात्री छाती फुटेल असं धडधडत होतं. पहाटेपर्यंत खोलीत भिंतीला टेकून बसलो. मायचा फोन आला तर "अभ्यास चालू आहे" म्हणालो. आयुष्यात तिच्याशी इतकं वाईट खोटं मी कधी बोललो नाही.

मी थांबलो. माझा एक मित्र थांबला नाही. त्यानं स्टेरॉइडचे 'कोर्स' केले. दोन वर्षांनी काविळीसारखे डोळे पिवळे झाले, यकृताच्या उपचारांसाठी घरच्यांनी तीन टक्के महिना व्याजानं पैसे काढले. तो वाचला, पण कर्ज अजून फिटलेलं नाही. हे फक्त गावाकडच्या पोरांचं होतं असं समजू नका. मोहम्मद बेनअझिझा हा जगातला नावाजलेला शरीरसौष्ठवपटू १९९२ ला स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच गेला. शरीरातलं पाणी औषधांनी पिळून काढलं की हृदय बंद पडू शकतं. पैसेवाला असल्या वाटेनं गेला तर निदान रक्ताच्या तपासण्या करून घेतो. आपलं पोरगं मात्र खिशातून आलेली बिनपावतीची बाटली टोचून घेतं. धोका दोघांनाही आहे, पण पडल्यावर उचलणारं आपल्याकडं कुणी नाही.

दुसरा धोका इंजेक्शनइतकाच मोठा आहे. निवडणूक आली, की पुढाऱ्यांना आपले दंड आठवतात. काळे टी-शर्ट वाटले जातात, गाडीच्या दोन्ही बाजूंना आपली पोरं पळवली जातात. पाचशे रुपये आणि रात्रीचं जेवण. मला सांगा, मोंढ्यातल्या हमालीत आणि यात फरक काय? अण्णा निदान धान्य वाहत होते. उद्या भांडण झालं, की गुन्हा पोरावर पडतो आणि पुढारी ओळख दाखवत नाही. मग लोक म्हणायला मोकळे, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

आणि हा प्रश्न फक्त पोरांचा नाही. राजस्थानच्या प्रिया सिंग यांचं लग्न वयाच्या आठव्या वर्षी लावून दिलं होतं. दलित कुटुंबातली ही बाई जिममध्ये काम करता करता घडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये थायलंडच्या स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. परतल्यावर सरकारी स्वागत झालं नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. लोकांना चर्चा करायची होती ती त्यांच्या कपड्यांची. माझ्या धाकट्या बहिणीनं तो व्हिडिओ बघितला आणि मला विचारलं, "दादा, तू मला कधी डंबेल हातात का दिलं नाहीस?" मी या लेखात इतरांच्या नजरेबद्दल एवढं बोललो, पण त्या दिवशी मला माझ्याच नजरेबद्दल उत्तर देता आलं नाही. आता ती माझ्यासोबत व्यायाम करते.

तथागतांनी उपासानं हाडाची काडं केलेलं शरीर घेऊन ज्ञान मिळत नाही हे ओळखलं आणि सुजाताच्या हातची खीर स्वीकारली. शरीराचे हाल करायचे नाहीत आणि त्याच्या मोहातही बुडायचं नाही, हा मध्यम मार्ग. माझ्या मते जिममध्ये जाणाऱ्या आंबेडकरी पोरांना याहून चांगला प्रशिक्षक मिळणार नाही.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. प्रत्येक विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय असावं आणि त्याच्या शेजारी एक बार, चार प्लेटा, दोन डंबेल असाव्यात. संध्याकाळी एक तास वजन, एक तास पुस्तक. पोरं आणि पोरी, दोघांसाठी. इंजेक्शन आणणाऱ्याला दारातून परत पाठवायचं, मग तो कितीही जवळचा असो. आणि पुढारी टी-शर्ट घेऊन आला तर त्याला आधी वस्तीतल्या पोषण आहाराचं काय झालं ते विचारायचं. आमच्या नगरात आम्ही सुरुवात केली आहे. बारसाठी पहिले पैसे कुणी दिले माहीत आहे? मला हटकणाऱ्या त्याच काकांनी.

अण्णा आता काम करत नाहीत. पाठ वाकली आहे, मानेखालची गाठ तशीच आहे. कधी कधी ते विहारात येऊन खुर्चीवर बसतात आणि आमचा व्यायाम बघतात. परवा मी शंभर किलोची डेडलिफ्ट मारली. ते म्हणाले, "एक पोतं झालं." मग थोड्या वेळानं विचारलं, "हे ठेवायचं कुठं?"

"कुठंच नाही अण्णा," मी म्हणालो. "इथंच खाली."

जय भीम!