आठाचा नऊ

अप्पांनी आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही, त्यामुळे त्यांचे ऋण फेडायची सोयच राहिली नाही. नाशिकच्या एका बँकेत रोखपाल म्हणून राबलेला हा माणूस नाणेतज्ज्ञ झाला तो अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन-येऊन. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये उभी राहिलेली ही संस्था. तिथली विद्या अप्पांनी संग्राहकांच्या पदरात टाकली. एखादा संग्राहक गेला की घरची माणसे डबे घेऊन बाजार गाठतात आणि जन्मभर जमवलेली नाणी चांदी-तांब्याच्या वजनावर जातात, हे त्यांना सहन होत नसे.

बाबा गेल्यावर एका दुकानदाराने आमचा डबाही तराजूत टाकला. अप्पांना कळले, तसे ते आपणहून घरी आले.

बाबांचा जीव १९३९ च्या रुपयावर. सहाव्या जॉर्जचा हा रुपया भलताच दुर्मीळ. १९४० पासून तर रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आली. अप्पांनी वजन केले. ११.६६ ग्रॅम, चोख. मग भिंग घेऊन ते सालाच्या आकड्यांवर बराच वेळ थांबले. शेवटच्या आकड्याच्या खाली डावीकडे बारीक खरवड होती. १९३८ मधल्या आठाचा कुणीतरी नऊ केला होता.

“वहिनी, रुपया खरा आहे, साल खोटं. भाऊंना फसवलंय.”

आईचा चेहरा उतरला. पण अप्पा उठले नाहीत. दुकानदाराने चिल्लर म्हणून बाजूला सारलेल्या शिवराया त्यांनी पुढे ओढल्या. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. महाराजांनंतर पेशवाईतही हे नाणे पडत राहिले आणि अक्षरांची वळणे, वेलांट्या बदलत गेल्या. बाबांनी नेमक्या त्या फरकांवरून पुड्या बांधल्या होत्या. अप्पा एकेक पुडी सोडत, वाचत, पुन्हा बांधत. प्रत्येकीत चिठ्ठी: वजन, अवस्था, आणि ‘याखाली विकू नये’ असा भाव. चिंच लावून घासायचे नाही, हेही आईला दोनदा बजावले.

“रुपयात भाऊ फसले, पण शिवराईत एकही पुडी चुकलेली नाही. नजर होती त्यांना.”

बाबांच्या छंदाला आमच्या घरात तोवर कुणी विद्या म्हटले नव्हते. आईने शिवराया विकल्या नाहीत. तो रुपया मात्र अप्पांनी मागून नेला, नव्या संग्राहकांना खरवड ओळखायला शिकवण्यासाठी.