सरचूची रात्र

लेहला विमानाने जाता येते. दिल्लीहून सव्वा तासात माणूस साडेअकरा हजार फुटांवर उतरतो. आमच्या घरातही आधी तोच विचार होता. तिकिटांचे दर पाहून झाले होते. रस्त्याने जाण्याचा आग्रह बाबूजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. वय बहात्तर, त्यातील पन्नास वर्षे गुलमंडीवरील कापडाच्या दुकानात गेलेली. "वर चढायचे तर पायरी पायरीने चढावे," एवढेच ते म्हणाले आणि विषय संपला.

चातुर्मास लागला की बाबूजी प्रवास करीत नाहीत. म्हणून २०२४ च्या जूनचा तिसरा आठवडा ठरला. सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत, तेथून गाडीने मनाली, आणि मनालीहून पुढे दोन टेम्पो ट्रॅव्हलर, चौदा प्रवासी, एक स्वयंपाकी महाराज आणि किलाँगचा एक मार्गदर्शक. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी बाबूजींचे हृदय, रक्तदाब सारे तपासून होकार दिला. सल्ले तीनच: सावकाश चढा, पहिले दोन दिवस दमू नका, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. "सगळे दिवसाउजेडी प्यायले तर चालेल ना?" बाबूजींनी विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, "चालेल. पण रात्री गरज पडली तर नाही म्हणू नका." बाबूजी यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या चौविहाराला त्या वर्षी एकेचाळीस वर्षे झाली होती.

मार्गदर्शकाचेही दोन नियम होते आणि ते त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगितले. पहाटे पाचच्या आत गाडी सुटेल. सूर्य मावळण्यापूर्वी मुक्काम गाठला जाईल. कारण साधे आहे. या रस्त्यावर जागोजागी बर्फाचे ओढे आडवे येतात. रात्रीच्या थंडीने त्यांचे पाणी आटते आणि ऊन चढेल तसे बर्फ वितळून ते फुगत जातात. पहाटे गुडघाभर असलेला ओढा दुपारी मोठ्या गाडीलाही अडवतो. बाबूजींना हा माणूस तत्काळ आवडला. नवकारशी असल्याने सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत त्यांच्या तोंडात काही जात नाही. तोपर्यंत गाडी दोन-तीन ओढे ओलांडून गेलेली असे. मग एखाद्या रुंद वळणावर थांबून महाराज चहा करीत आणि सासूबाई खाखऱ्यांचा डबा उघडीत. वाटेवरच्या तंबूंत मॅगी, राजमा-भात आणि ऑम्लेट एवढेच मिळते. कांदा-लसणाशिवाय काही मागणे म्हणजे तेथील बाईला कोड्यात टाकणे.

मराठवाड्याच्या माणसाला उघडे डोंगर नवे नाहीत, आणि घाट म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे कन्नडचा औट्रम घाट येतो. पण अटल बोगद्यातून बाहेर पडल्यावर दोन्ही उपमा निकामी झाल्या. हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा असून ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल खोरे हिवाळाभर जगापासून तुटत असे. तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम आहे. तेथील पेट्रोल पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी पाटी कित्येक वर्षे होती. वर्षाचे जितके दिवस तितके किलोमीटर, असे मार्गदर्शक गमतीने म्हणाला. जिस्पा येथे त्याने आम्हांला दोन रात्री ठेवले. भागेच्या काठी नुसते बसून राहायचे, हेच काम. काही मंडळींना पैसे वाया गेल्यासारखे वाटले. मला त्या दोन दिवसांची किंमत पुढे कळली.

तिसऱ्या दिवशी बारालाचा खिंड ओलांडली. उंची सोळा हजार फूट. रस्त्याच्या कडेला झारखंडच्या दुमका भागातून आलेले मजूर डांबराची पिंपे तापवीत होते. सीमा सडक संघटना १९६० मध्ये स्थापन झाली, तिच्या विनोदी पाट्यांचे फोटो सगळेच काढतात. या मजुरांकडे मात्र गाडीची काच खाली करून क्वचितच कोणी पाहते. बाबूजींनी गाडी थांबवून आपल्या वाटणीचे शेंगदाण्याचे लाडू त्यांना दिले आणि कापडाच्या व्यापाऱ्याच्या नजरेने त्यांच्या अंगावरची जाकिटे पाहिली. "यात थंडी अडत नाही," असे ते पुढे बराच वेळ पुटपुटत होते.

त्या दिवसाचा मुक्काम सरचू. सुमारे चौदा हजार फुटांवरचे ओसाड, सपाट खोरे. हिमाचल आणि लडाख यांची हद्द येथेच. उन्हाळ्यापुरते तंबू लागतात, हिवाळ्यात कोणी राहत नाही. येथे एक प्रश्न उभा राहिला, जो आमच्या शहरात कधीच पडत नाही: सूर्यास्त कोणता धरायचा? गणिताने सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होता. पण पश्चिमेच्या डोंगराआड सूर्य त्याच्या कितीतरी आधी गेला आणि खोऱ्यात सावली पसरली. बाबूजींनी घड्याळाकडे पाहिले नाही. डोंगरावरचे ऊन सरकू लागताच त्यांनी जेवण उरकले, दोन पेले पाणी प्यायले आणि पच्चक्खाण घेतले. त्यांच्यासाठीचे पाणी महाराजांनी नेहमीप्रमाणे उकळले होते. त्या उंचीवर ते ८६ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून डाळ मात्र कुकरशिवाय शिजत नाही.

रात्री अकराच्या सुमारास सासूबाईंनी मला उठवले. बाबूजी बसून होते. डोके फुटते आहे, मळमळते आहे, आडवे झाले की श्वास अडतो, असे म्हणत होते. मार्गदर्शक आला. करोनाच्या काळापासून घराघरात ओळखीचे झालेले ते छोटे यंत्र त्याने बोटाला लावले. आकडा ७१. त्याने प्राणवायूचा सिलिंडर आणून मास्क चढवला आणि डॉक्टरांनी बरोबर दिलेली गोळी काढायला सांगितली. गोळी म्हणजे पाणी आलेच. बाबूजींनी मास्कच्या आतून मान हलवली. नाही.

मी स्वतः पर्युषणाचे दिवस सोडले तर चौविहार करीत नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, उणे तापमानात, एक पेला पाण्यासाठी आम्ही सारे एका वृद्धाची मनधरणी करीत होतो.

रागावल्या नाहीत त्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "पच्चक्खाणात आगार असतात, हे आम्हांला तुम्हीच शिकवलेत." व्रत घेतानाच काही सवलती उच्चारल्या जातात, आणि असह्य पीडेत औषध घेण्याची मोकळीक त्यांत असते. ज्यांनी इतके कठोर नियम बांधले त्यांनी ही दारेही बांधतानाच ठेवली, हे मला त्या नियमांइतकेच मोलाचे वाटते. पण बाबूजींचे उत्तर तयार होते. ती सवलत समाधी ढळेल तेव्हाची. अजून ती वेळ आलेली नाही. मग त्यांनी मास्क किंचित बाजूला करून मार्गदर्शकाला विचारले, "मला खाली नेता येणार नाही का?"

येथेच सरचूची खरी अडचण आहे. विरळ हवेच्या त्रासावर खाली उतरणे हा पक्का उपाय. पण सरचूहून उतरण्यासाठी आधी चढावेच लागते. मागे बारालाचा, पुढे गाटाची एकवीस वळणे आणि त्यावर नकी ला, लाचुलुंग ला. दोन्ही बाजूंनी वाट अधिक उंचावरून जाते, आणि रात्री तर कोणतीच नाही. मार्गदर्शकाने हे शांतपणे सांगितले. मग म्हणाला, "बाबूजी, बोगदा नव्हता तेव्हा आमच्याकडे आजारी माणूस हेलिकॉप्टरची वाट पाहत पडून असायचा. जे हाताशी असेल तेच करायचे. आज हाताशी सिलिंडर आहे, गोळी आहे, पाणी आहे."

"आणि नाही घेतले तर?"

"तर सकाळी ही सगळी मंडळी तुमच्यासाठी थांबतील. त्यांतल्या आणखी दोघांचे डोके दुखते आहे."

बाबूजी काही वेळ गप्प राहिले. बाहेर वारा तंबूच्या दोऱ्या ताणत होता. वटपौर्णिमा जवळ आलेली, त्यामुळे चांदणे इतके की कनातीवर आमच्या गाडीची सावली पडली होती. मग त्यांनी हात जोडले, मिच्छामि दुक्कडं म्हटले आणि हात पुढे केला. सासूबाईंनी थर्मासमधले पाणी पेल्यात ओतले. गोळीपुरते अर्धा पेला घेऊन त्यांनी तो परत दिला.

दीड वाजता आकडा ८२ झाला. मार्गदर्शक पहाटेपर्यंत तेथेच बसून होता. दर अर्ध्या तासाने बोट तपासायचे आणि काही न बोलता पुन्हा ब्लँकेट ओढून घ्यायचे.

सकाळी बाबूजींनी चालण्याइतके बरे असल्याचे सांगितले. मार्गदर्शकाने मात्र त्यांच्या शब्दावर विसंबून न राहता त्यांना वीस पावले चालवून पाहिले आणि मगच गाडी सोडली. गाटाची वळणे बाबूजींनी डोळे मिटून, मास्क लावून पार केली. पांग मागे पडल्यावर मोरे मैदान लागले: चाळीसएक किलोमीटर सरळ, सपाट रस्ता, आणि तोही पंधरा हजार फुटांवर. दूर चांगपा गुराख्यांचे तंबू, पश्मिना देणाऱ्या बकऱ्या. कियांग नावाच्या रानगाढवांचा एक कळप गाडीला समांतर पळाला, तेव्हा बाबूजींनी प्रथमच डोळे उघडून खिडकीची काच पुसली. व्यापारी जागा झाला. एका बकरीपासून किती लोकर निघते, हे त्यांनी विचारलेच.

तांगलांग ला ही १७,४८० फुटांची खिंड ओलांडल्यावर रस्ता उतरू लागला तो थेट उपशीपर्यंत. तेथे सिंधू नदी भेटते. दोन दिवसांनी हिरवी झाडे दिसली. दुपारचे चार वाजले होते. गाडी थांबताच मार्गदर्शकाने काही न विचारता पाण्याची बाटली बाबूजींच्या हातात दिली आणि समोर उभा राहिला. बाबूजींनी घड्याळ पाहिले, मग डोंगरावरचे ऊन पाहिले, आणि सावकाश, एकामागून एक चार पेले प्यायले. सासूबाई मोजत होत्या.

लेहला पोहोचलो तेव्हा सव्वासहा वाजत होते. महाराजांनी घाईने खिचडी टाकली.