वर्ग भरण्यापूर्वीचे आठ दिवस

तुमच्या घरातील नातवंड शिक्षणासाठी परदेशी निघाले असेल, तर बॅगा भरण्याच्या धांदलीत एक बातमी तुमच्या कानावर हळूच घातली जाईल. वर्ग सुरू होण्याच्या आठ दिवस आधीच ते तिकडे पोहोचणार असते आणि ते दिवस मित्रमैत्रिणींबरोबर देश पाहण्यात घालवणार असते. शिकायला जायचे की भटकायला, असे तुमच्या ओठांवर येईल. आमची नात एडिंबरोला निघाली तेव्हा माझ्याही आले होते. तिच्याबरोबर नागपूरची एक आणि पणजीची एक, अशा दोघी मैत्रिणी होत्या. तिघींचे वय तेवीसच्या आत.

माझ्या नाराजीला आणखी एक कारण होते. ह्यांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. लेव्होडोपाची गोळी दिवसातून चार वेळा घ्यावी लागते आणि ती घड्याळाच्या ठोक्याला घ्यावी लागते. वेळ टळली की अंग ताठरते, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर हे तुम्हांला सांगायला नको. संध्याकाळी साडेपाचची गोळी देण्याचे काम नातीचे होते आणि ते तिने एकदाही चुकवले नव्हते.

ह्यांनी मात्र तिच्या जाण्याआधीच नकाशा पसरून ठेवला होता. नोकरीची सारी वर्षे नगररचना खात्यात गेल्यामुळे एडिंबरो त्यांना न पाहताच पाठ होते. तेथील पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत होते. त्यांचा ‘आउटलुक टॉवर’ किल्ल्याच्या वाटेवर आजही उभा आहे. तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, अशी ह्यांची नातीला आज्ञा होती.

तुम्हीही मनाने तिच्याबरोबर चाला. थंड झालेल्या ज्वालामुखीच्या खडकावर किल्ला बसलेला आहे. त्याच्या पायथ्यापासून ‘रॉयल माइल’ हा जुना रस्ता उतरत उतरत होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत जातो. दोन्ही अंगांना दगडी, उंच, काळवंडलेली घरे आणि त्यांमधून खाली घुसणारे अरुंद बोळ आहेत. या बोळांना तिकडे ‘क्लोज’ म्हणतात. आमच्या नातीला पहिल्या दिवशी तेथे शनिवार पेठेतल्या वाड्यांची आठवण झाली. पलीकडे अठराव्या शतकात आखलेले नवे शहर आहे, सरळ रस्त्यांचे. दोन्हींच्या मध्ये जेथे पूर्वी तळे होते, तेथे आता बाग आहे. समुद्रावरून अचानक धुके येते आणि सारे शहर पुसून टाकते. त्या धुक्याला तिकडे ‘हार’ असे नाव आहे.

आमच्या घरातील गोष्ट या धुक्याशीच येऊन जोडली गेली. लीथ बंदरातील जहाजांना आपली घड्याळे लावता यावीत म्हणून कॅल्टन टेकडीवरील स्मारकावर एक मोठा गोळा बसवलेला होता. तो दुपारी बरोबर एक वाजता खाली पडे. धुक्यात तो दिसेना, म्हणून 1861 पासून किल्ल्यावरून एक वाजता तोफ उडवू लागले. ती आजही उडते. उन्हाळी वेळेनुसार तिकडे एक वाजतो तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. नातीच्या हे लक्षात आले आणि तोफ ऐकली की फोन करायचा, असे तिने ठरवले. पहिले दोन दिवस फोन आले आणि गोळ्याही वेळेवर गेल्या.

गुरुवारी तिघी ग्लासगोहून मॅलेगच्या गाडीत बसल्या. हा प्रवास सव्वापाच तासांचा आहे. रॅनक मूरची पाणथळ जमीन इतकी मऊ की रुळांखाली झाडांची मुळे, फांद्या, माती आणि राख यांचा थर घालून ती गाडीचे ओझे पेलण्याजोगी केली. पुढे ग्लेनफिनन येथे एकवीस कमानींचा काँक्रीटचा पूल वळण घेत जातो. या फाट्यावर 1901 पासून गाड्या धावत आहेत. संध्याकाळी तिने पाठवलेल्या छायाचित्रांत लालसर नेचे, करडे पाणी आणि चिलटांसारख्या ‘मिज’ माश्यांनी चावून फुललेले तीन चेहरे होते.

छायाचित्रे आली, पण साडेपाचला फोन आला नव्हता. तेव्हा गाडी डोंगरांत होती आणि तिच्या फोनला संपर्क मिळत नव्हता. मी शेजारणीशी बोलत राहिले आणि सव्वासहाला मला गोळीची आठवण झाली. तोवर हे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. उशिरामुळेच पडले असे मी म्हणणार नाही, कारण या आजारात तोल इतर कारणांनीही जातो. हाड मोडले नव्हते. कोपर मात्र चांगलेच सोलले होते. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली. नातीला कळवायचे नाही, असे मी सगळ्यांना बजावले. तुम्हीही कदाचित हेच केले असते.

शनिवारी त्या एडिंबरोला परतल्या आणि आर्थर्स सीट चढल्या. उंची 251 मीटर. सिंहगड पाहिलेल्यांना ती किरकोळ वाटेल, पण ओले गवत आणि हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला खडक उंची विचारत नाही.

रविवारी साडेपाचला फोन आला. नात अंथरुणावर बसलेली दिसत होती. “आजोबा, तोफ आत्ताच उडाली. खिडकीतून ऐकली.”

“आज रविवार आहे,” हे म्हणाले. “रविवारी तोफ उडत नाही. पाय दाखव.”

पायच का म्हणाले, हे मला अजून कळलेले नाही. घोटा सुजून निळा पडला होता. उतरताना तिचा पाय मुरगळला होता. 111 या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर मैत्रिणींनी फोन केला होता. पाय टेकून चार पावले टाकता येत होती, हाडावर दाबल्यावर दुखत नव्हते, म्हणून विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ आणि पाय उंच ठेवणे एवढ्यावर भागले होते. नागपूरची मुलगी रात्रभर जागी होती. त्या दोघींविषयी मी निघताना जे बोलले होते, ते मी मनातल्या मनात मागे घेतले.

आम्हांला काळजी नको म्हणून सांगितले नाही, असे ती म्हणाली. तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. हात थरथरत होता, तरी फोन त्यांनी स्वतःच्या कोपराकडे वळवला. पट्टी तिला दिसली. मी काही बोलू शकले नाही.

ती रडू लागली, मी परत येते म्हणाली. ह्यांनी तिला रडू दिले. मग विचारले, “टॉवर पाहिलास का?” तिने पाहिला नव्हता. “मग परत कशी येणार? माझी गोळी माझी आहे. तुझा टॉवर राहिला आहे.”

त्या दिवशी आमच्यात ठरले की, ज्याला लागेल त्याने त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने सांगायचे. हे पाळणे मला सर्वांत जड जाते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर तोफ आपल्या साडेसहाला उडते आणि नातीचा फोनही तेव्हाच येतो. ह्यांनी आपल्या फोनवर साडेपाचचा गजर लावून घेतला आहे. गजर झाला की मी पाण्याचा पेला जवळ ठेवते. डबीचे झाकण ते स्वतः उघडतात. त्याला वेळ लागतो, पण मी हात पुढे करत नाही.