केनच्या दगडातील झाड

खजुराहोच्या पार्श्वनाथ व आदिनाथ मंदिरांचे दर्शन घेऊन यात्रेकरू बहुधा परत फिरतात. त्या परिसरातून वाहणारी केन नदी मात्र उत्तरेकडे जाते आणि बांदा शहरावरून पुढे यमुनेला मिळते. बांद्याजवळ तिच्या पात्रात अकीकाचे ओबडधोबड गोटे सापडतात. कारागीर ते चिरून घासतात, तेव्हा दुधी दगडाच्या आत काळसर रंगाचे एक चिमुकले झाड प्रकट होते. या दगडाला ‘शजर’ म्हणतात. अरबी भाषेत शजर म्हणजे झाड. शरद पौर्णिमेच्या चांदण्यात दगडावर पडलेली झाडाची सावली आत उमटते, अशी तेथील लोकसमजूत आहे.

शहरातून आलेल्या पाहुण्याला सावलीची कथा पटत नाही. तो त्या झाडाला प्राचीन वनस्पतीचा जीवाश्म समजतो. वास्तविक तेथे झाड कधीच नव्हते. मँगनीज व लोहाचे अंश असलेले पाणी दगडात झिरपते आणि त्यांची ऑक्साइडे हळूहळू साचतात. साक्याचे जे टोक किंचित पुढे येते, त्याला नवा पुरवठा आधी मिळतो. म्हणून ते अधिक वाढते व त्याला फाटे फुटतात. शास्त्रज्ञ या आकृतीला डेंड्राइट म्हणतात.

खरे-खोटे ओळखण्यास साधे भिंग पुरते. वनस्पतीच्या जीवाश्मात पानाला निश्चित कड, मध्यशीर व उपशिरा असतात. देठ फांदीला ठराविक जागी जोडलेला असतो. एक पान दुसऱ्यावर पडलेलेही दिसते. डेंड्राइटमध्ये फाट्याला केवळ फाटे असतात. पान नाही, शीर नाही. पुष्कळदा ती आकृती एखाद्या भेगेच्या कडेपासूनच सुरू होते.

तुलनेसाठी मध्य प्रदेशातील घुघुआ पाहावे. डिंडोरी जिल्ह्यातील या जीवाश्म उद्यानात सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीची ताडवर्गीय खोडे दगड होऊन पडली आहेत. तेथेही सिलिकाच आहे. पण तिने खऱ्या लाकडाची जागा घेताना त्याची अंतर्रचना जपली. दुरून पाहता ते ओबडधोबड दगडच वाटतात. केनच्या दगडात झाडाचे रूप आहे, रचना नाही. घुघुआत रूप झाकलेले, पण रचना शाबूत आहे.

म्हणून शजर घेणाऱ्याने तो जीवाश्म म्हणून घेऊ नये आणि विकणाऱ्याने तसा विकू नये. खरे सांगितल्याने त्या दगडाचे सौंदर्य उणे होत नाही आणि कारागिराच्या हातांचे मोलही घटत नाही.